कथानक शिकवणारं शिबिर: मालगुंडचे दोन दिवस

मालगुंडला समुद्राच्या अंगाला असलेल्या एका वाडीत मे महिन्याच्या अखेरीस कथालेखनाचं दोन दिवसांचं निवासी शिबिर भरतं. चालवणाऱ्या बाई मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका. जाहिरात नसते, आसपासच्या वाचनालयांच्या फलकांवर हाताने लिहिलेला कागद लागतो, त्यावरून लोक येतात. यंदा मी गेले होते. परत आल्यापासून ‘कसं होतं, जावं का’ असं विचारणारे बरेच भेटले, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगते. कथेचं कथानक कसं बांधायचं एवढंच तुम्हाला शिकायचं असेल, तर डोळे मिटून जा. मनातलं कागदावर उतरवा, संवेदनशील व्हा, भरपूर वाचा, असं सांगणाऱ्या कार्यशाळा ढिगाने आहेत. प्रसंगाला प्रसंग कसा जोडायचा, कुठला काढायचा, कथा कुठून सुरू करायची हे हाताला धरून दाखवणारं मला आजवर दुसरं कुणी भेटलेलं नाही.

मी राजापूरला दस्तलेखकाच्या कार्यालयात काम करते. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र यांचे मसुदे करणं हा रोजचा धंदा. माझ्या टेबलासमोर माणसं बसतात ती गोष्ट घेऊनच बसतात, त्यामुळे विषयांची वानवा मला कधीच नव्हती. मला हवी होती ती आखणी.

पहिल्या सकाळी प्रत्येकाने आपलं कथाबीज एका पानावर लिहून आणायचं होतं. वाचायला सुरुवात झाली आणि लक्षात आलं, निम्म्या पानांवर वादळ आहे. किनाऱ्यावरची माणसं, त्यात नवल काय. दापोलीकडच्यांच्या पानावर ३ जून २०२०चं ‘निसर्ग’, खालच्या बाजूच्यांच्या पानावर मे २०२१चं ‘तौक्ते’. उडालेली कौलं, आडव्या झालेल्या पोफळी, दिवसेंदिवस नसलेली वीज. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “वादळ झालं ही बातमी आहे. तुमचा माणूस वादळाच्या आदल्या संध्याकाळी काय ठरवतो, ते मला सांगा.”

पुढचे दोन दिवस हेच एक सूत्र चाललं. माणूस काहीतरी ठरवतो, त्या ठरवण्याची किंमत मोजतो, आणि किंमत मोजताना पुन्हा काहीतरी ठरवावं लागतं. बाकी सगळं यातून येतं.

हे नुसतं सांगितलं असतं तर मीही वहीत उतरवून विसरले असते. बाईंनी ते एका पोराच्या कथेवर करून दाखवलं. जयगडच्या बाजूचा हा मुलगा स्वतः लाँचवर खलाशी म्हणून जातो. त्याची कथा अशी: तांडेल, म्हणजे लाँचचा प्रमुख, आणि त्याचा मुलगा समुद्रावर जातात, वादळ येतं, इंजिन बंद पडतं, जाळं तोडून सोडावं लागतं, बाप पाण्यात जातो, दुसरी लाँच येऊन मुलाला वाचवते. वाचताना त्याचा आवाज कापत होता आणि आमच्या अंगावर काटा आला होता. तरीही ते ऐकून झाल्यावर मनात राहत होतं ते फक्त ‘अरेरे’.

पडवीत खांबाला खांब अशी दोरी बांधलेली होती. बाईंकडे जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर एकेक प्रसंग लिहायचा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने दोरीला लावायचा. सहा प्रसंग, सहा पत्रिका. मग बाईंनी इंजिनाची पत्रिका काढून घेतली आणि विचारलं, “आता पुढचं काही अडलं?” काहीच अडलं नव्हतं. वादळच पुरेसं होतं. पत्रिका खाली गेली. ही कसोटी फार जुनी, ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातली: जो भाग असला काय नि नसला काय फरक पडत नाही, तो त्या रचनेचा भागच नव्हे. मी हे पूर्वी वाचलेलं होतं. दोरीवरची पत्रिका उतरताना पाहणं वेगळं.

मग बाईंनी त्याला तीन प्रश्न विचारले. तांडेलाला काय हवंय? आडवं काय येतंय? आणि आजच का? पहिल्या दोघांची उत्तरं त्याच्याकडे होती. नव्या जाळ्यासाठी व्यापाऱ्याची उचल घेतलेली, ती फेडायला एक चांगली खेप हवी. आडवा येतो समुद्र. तिसऱ्यावर तो अडला. बराच वेळ दोरीकडे बघत बसला आणि एकदम म्हणाला, “उद्यापासून बंदी.”

तिथून कथा हलली. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. म्हणजे कथेचा दिवस ३१ मे. आज खेप झाली नाही तर दोन महिने हात बांधलेले आणि व्यापारी दारात. त्याच दिवशी बंदरावर धोक्याचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा चढलेला आहे. तांडेल तो बघतो आणि तरी लाँच काढतो. एवढं बदलल्याबरोबर वादळ आभाळातून पडलेलं राहिलं नाही. तांडेलाने ते बघून, समजून अंगावर घेतलं.

राहिली सुटका. दुसरी लाँच नेमकी त्याच वेळी तिथे कशी आली? पोरगा म्हणाला, “येतात की कधीकधी.” बाईंचं म्हणणं, माणूस योगायोगाने संकटात सापडला तर वाचक कुरकुर करत नाही, पण योगायोगाने सुटला तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. मग सगळे कामाला लागलो. ही लाँच कुणाची? त्या दुसऱ्या तांडेलाची, जो बावटा बघून सकाळीच माघारी फिरला आणि ज्याला बापाने बंदरावर चारचौघांत भित्रा म्हटलं. मग तो नेमका जागेवर कसा पोचला? इथे त्या पोराने जे सांगितलं ते खोलीतल्या दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. मासा लागण्याची आपली जागा तांडेल कुणाला सांगत नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. मुलाने निघण्याआधी गुपचूप ती जागा दुसऱ्या तांडेलाला सांगून ठेवली. बापाशी केलेली ही बेईमानी, आणि तिनेच दोघांचा जीव वाचला.

“दोघांचा?” बाईंनी विचारलं. त्याच्या पानावर तर बाप मरत होता. तो म्हणाला, “आता मेला तर काय उपयोग? जगला तरच त्याला कळणार ना, जागा कुणी सांगितली ते.”

बापाचं मरण त्याने स्वतःच कापलं. कोणी सांगितलं नव्हतं. सहा पत्रिकांच्या चार झाल्या, आणि शेवटची पत्रिका किनाऱ्यावर, बाप-लेकांची, अजून कोरी होती. कथानक शिकणं म्हणजे काय हे मला त्या घटकेला कळलं. ही कथा त्याने पूर्ण करावी आणि कुठेतरी छापून यावी असं मला मनापासून वाटतं.

दुपारनंतर उलट्या आखणीचा भाग होता. एडगर ॲलन पोने १८४६ साली एका निबंधात मांडलं की शेवट डोळ्यापुढे असल्याशिवाय लिहायला बसू नये, सगळ्या घटना त्या शेवटाकडे झुकल्या पाहिजेत. बाईंनी त्यावर व्याख्यान न देता प्रत्येकाला शेवटची पत्रिका आधी लिहायला लावली. तिथून एक पाऊल मागे: हे घडायला त्याच्या आधी काय घडलेलं असलं पाहिजे? परत एक पाऊल मागे. आणि ज्या पावलानंतर मागे जायची गरज उरत नाही, तिथे कथेचं पहिलं वाक्य.

माझा विषय होता हक्कसोडपत्र. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आलं, जमिनी गेल्या, मोबदल्याच्या नोटिसा आल्या आणि सातबाऱ्यावरची सगळी नावं एकदम जागी झाली. वारलेले आजोबा, न लावलेली वारसनोंद, लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेलेली बहीण. २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे, तेव्हा तिच्या सहीशिवाय गाडं पुढे जात नाही. माझ्या पानावर आजोबांनी जमीन घेतली तिथपासून तीन पिढ्या होत्या. आता शेवटची पत्रिका लिहायची होती.

मी लिहिला तो दुय्यम निबंधक कार्यालयातला क्षण. ज्यांनी दस्त नोंदवलाय त्यांना माहीत असेल: फोटो निघतो, अंगठा घेतात आणि लिहून देणाराला विचारतात, दस्त वाचला का, मान्य आहे का. माझ्यासमोर हा प्रश्न रोज विचारला जातो आणि लोक ‘हो’ म्हणून मोकळे होतात. माझ्या कथेतली बहीण म्हणते, वाचलेला नाही. आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचायला लागते. ‘लिहून घेणार’ म्हणून भावाचं नाव, ‘लिहून देणार’ म्हणून तिचं.

मग मागे मागे यायचं. तिने दस्त आधी वाचला का नाही? भावाने घाई केली. घाई का? नोटिशीची तारीख. ती स्वतः का आली, कुलमुखत्यारपत्र देऊन चाललं असतं की? भावाने तसा कागद पाठवला होता, तो तिने परत केला. का परत केला? गणपतीला माहेरी यायचं कारण शिल्लक राहील की नाही, हे तिला भावाच्या तोंडावर वाचायचं होतं. बस, आता मागे जायची गरज नाही. कथा सुरू होते ती परत आलेल्या लिफाफ्यापासून. आजोबा, त्यांनी घेतलेली जमीन, दोन पिढ्यांची भांडणं सगळं त्या दस्ताच्या वाचनात दोन ओळींत येऊन जातं. आमच्या दस्तात मिळकतीच्या चतुःसीमा आधी लिहितात आणि मगच बाकीचं बोलतात, तशा कथेच्या चतुःसीमा इथे पहिल्या दिवशीच आखून मिळाल्या.

बाईंचं मोजमापही देऊन ठेवते, कारण ते कुठे लिहिलेलं मिळत नाही. अडीच हजार शब्दांची कथा धरली तर तीन ते पाच प्रसंग. अडचण पहिल्या तीनशे शब्दांत वाचकाला दिसली पाहिजे. प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहायचे, प्रसंगाच्या सुरुवातीला पात्र कुठल्या स्थितीत आहे आणि शेवटी कुठल्या. दोन्ही सारखे आले तर प्रसंग कितीही सुंदर असो, उतरवायचा. एका ताईंनी पहिल्या पावसातल्या अंगणाचं फार देखणं वर्णन केलं होतं, ते असंच गेलं. त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच अंगण भांडणाच्या प्रसंगाखाली घातलं आणि दोन्ही उजळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका निवृत्त गुरुजींनी जो प्रश्न विचारला त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. १९४५च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या पिढीने नवकथा आणली ती कथानकाच्या जुन्या साच्याला कंटाळूनच ना? मग आपण मागे का चाललोय? बाई खुश झाल्या. त्यांचं उत्तर असं की नवकथेने मोडली ती रंजक घटनांची माळ. कार्यकारण मोडलं नाही, ते बाहेरच्या घटनांमधून माणसाच्या मनात नेलं. बाहेर काही न घडणाऱ्या कथेतसुद्धा पहिल्या पानावरचं मन शेवटच्या पानावर तसंच राहत नाही, आणि का राहत नाही याची साखळी लेखकाला ठाऊक असते. मला हे पटलं. गुरुजींना पूर्ण पटलं नाही आणि ते तसं बोलले. अशी चर्चा होऊ देणं हाही या शिबिराचा गुणच म्हणायचा.

‘आखून लिहिलं की कथा निर्जीव होते’ हा आक्षेपही निघालाच. त्याला उत्तर दिलं कुडाळकडच्या एका काकांनी, जे तरुणपणी दशावतारात काम करायचे. ते म्हणाले, “आमच्याकडे लिवलेला काय नसता. गोष्ट ठरलेली, बोलणा ज्याचा त्येना करूचा.” नाटकाआधी कथेचा आराखडा ठरतो, कोण कधी येणार, कशावरून बिनसणार, युद्ध कुठे, एवढं पक्कं. संवाद रंगमंचावर, त्या क्षणी. आणि ते सकाळपर्यंत गर्दी धरून ठेवतात. आराखडा पक्का असतो म्हणूनच नट बिनधास्त बोलू शकतो. आखणीवर मी ऐकलेलं हे सगळ्यात चांगलं बोलणं, आणि ते शिबिराच्या वेळापत्रकात नव्हतंच. पुढच्या वेळी बाईंनी काकांना तासभर द्यावा.

आता जे खटकलं ते.

सोबत दिलेली पुस्तिका शिबिराच्या तोडीची नाही. अक्षर बारीक, उदाहरणं सगळी पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली. पडवीत तीन नंबरचा बावटा शिकायचा आणि पुस्तिकेत लिफ्टमध्ये भेटलेला जुना मित्र, हे जुळत नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्यात फ्रायटाग या जर्मन लेखकाचा त्रिकोण, म्हणजे कथानकाचा चढ, माथा आणि उतार दाखवणारी आकृती, काहीही टीप न घालता छापलेला आहे. फ्रायटागने ती चढ-उताराची रचना १८६३ साली मांडली ती नाटकासाठी, पाच अंकांच्या हिशेबाने. अडीच हजार शब्दांत तेवढा चढ चढायला जागाच नसते, कथा जवळजवळ माथ्याशीच सुरू करावी लागते. बाई हे स्वतः तोंडी सांगतात. पण घरी गेल्यावर हातात उरते ती पुस्तिका, आणि नवखा माणूस तो त्रिकोण समोर ठेवून अर्धी कथा प्रस्तावनेतच घालवणार. ते पान काढावं किंवा खाली चार ओळी लिहाव्यात.

निवेदक कोण, गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगायची, यावर काहीच नव्हतं. तांडेलाची कथा मुलाच्या तोंडून आली तर जागा सांगितल्याचं गुपित किती वेळ झाकायचं हा कथानकाचाच प्रश्न आहे, तो सुटून गेला. कलाटणीच्या शेवटाबद्दलही बाई जरा जास्तच कडक आहेत. पहिल्या प्रसंगात समोर ठेवलेल्या, पण वाचकाने दुर्लक्ष केलेल्या गोष्टीतून आलेली कलाटणी मला प्रामाणिक वाटते. बाईंच्या तोंडून ‘कलाटणी’ शब्द निघतो तोच नाक मुरडून, त्यामुळे चांगली कशी साधायची हे कुणी विचारलं नाही.

शेवटचं सत्र दिवाळी अंकांचं, तेही घाईत उरकलं. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, त्याचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर, म्हणजे आपल्याच मातीतले, हे ऐकताना छान वाटलं. पण तेवढ्यात वेळ संपला. कथा पावसाच्या सुरुवातीलाच पाठवून द्याव्यात, शब्दमर्यादा आधी विचारून घ्यावी, एकच कथा एका वेळी दोन संपादकांकडे धाडू नये, या गोष्टी मी बाईंना जेवताना विचारून काढल्या. सगळ्यांना सांगायला हव्या होत्या.

राहण्या-जेवणाबद्दल तक्रार नाही. बायकांना माडीवरची खोली, पुरुषांना ओटी. सकाळी घावणे, दुपारी फणसाची भाजी आणि सोलकढी, रात्री कुळथाचं पिठलं. मोबाइलला रेंज कधी येते कधी जाते, आणि शिबिरासाठी ते बरंच आहे. रत्नागिरीहून येणाऱ्यांनी आरे-वारेच्या रस्त्याने जाणारी गणपतीपुळ्याची एसटी धरावी, पुढे मालगुंड अगदी जवळ. थोडं आधी पोचलात तर केशवसुतांचं स्मारक बघून घ्या. त्यांचा जन्म १८६६चा, याच गावातला.

फीमध्ये एक गोष्ट धरलेली आहे जी मला सगळ्यात मोलाची वाटते. घरी जाऊन कथा पूर्ण करायची आणि टपालाने पाठवायची. बाई ती वाचून, समासात पेनाने शेरे लिहून परत पाठवतात. माझी कथा आली तेव्हा कौतुकाची वाक्यं मोजकी होती. दुसऱ्या प्रसंगाशेजारी मात्र लिहिलं होतं, ‘बहीण काय गमावते ते कळलं. भाऊ काय गमावतो?’ मी त्या प्रश्नावर नव्याने बसले आहे. भावाला मी फक्त घाई दिली होती, आता त्याला कर्ज दिलंय, आणि कुलमुखत्यारपत्राच्या लिफाफ्यात त्याने हाताने लिहिलेली एक चिठ्ठीही घातली आहे, जी बहिणीने न वाचताच परत केली.

कविता लिहिणाऱ्यांनी किंवा नुसतं साहित्यिक वातावरण हवं असणाऱ्यांनी इथे येऊन कंटाळू नये, त्यांच्यासाठी हे नाही. ज्यांच्या डोक्यात गोष्ट आहे आणि ती तिसऱ्या पानावर येऊन अडते, त्यांनी जरूर यावं, बीजाचं पान मात्र खरंच लिहून आणावं. आणि बाईंना माझी एक विनंती: तिसरा दिवस वाढवा, फी वाढली तरी चालेल. दोरीवर पत्रिका लागतात तिथे लिहायची खरी खुमखुमी येते, आणि नेमकी तेव्हाच परतीची एसटी असते.